अलर्ट राहू दे, किती फूट ते सांग

नमस्कार मंडळी. पोटभर जेवण झाल्यावर भाषण म्हणजे ऐकणाऱ्यावर अन्यायच, म्हणून एकच शब्द घेऊन आलोय, अलर्ट. लेकीकडं इथं येण्याआधी मी कोल्हापुरात एका पेपरच्या डेस्कवर होतो, म्हणजे बातमीदारानं आणलेली बातमी कापायची आणि तिला मथळा द्यायचा. पावसाळ्यात हा शब्द मी किती वेळा पानावर बसवला त्याचा हिशेब नाही.

कारण तो बसतो हो. सिंगल कॉलमला 'सतर्कतेचा इशारा' लिहिलं की दोन ओळी जातात, अलर्ट तीन अक्षरात काम संपवतो, वर मागंपुढं काहीही लावा, रेड, हाय, आणि अलीकडं 'मोड'. 'प्रशासन अलर्ट मोडवर' हा मथळा मी स्वतः दिलाय, आणि आता वाटतं की यात बातमी कुठाय? एरवी प्रशासन कुठल्या मोडवर असतं मग?

खरं तर हवामान खात्यानं प्रत्येक रंगाला काम वाटून दिलंय. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे आता हला. खात्याच्या इंग्रजी तक्त्यात त्यांना वॉच, अलर्ट आणि वॉर्निंग असे तीन वेगळे शब्द आहेत, म्हणजे अलर्ट हा एकट्या नारंगीचा. आम्ही पेपरवाल्यांनी, आणि टीव्हीवाल्यांनी तर जास्तच, तो तिन्ही रंगांना चिकटवून टाकला.

दुसरी गंमत म्हणजे आपल्याकडं हा लाल रंग बऱ्याचदा घाटमाथ्यासाठी असतो, चोवीस तासात २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो असा त्याचा अर्थ. मथळ्यात 'घाटमाथा' मावत नाही, मग छापून येतं 'कोल्हापूरला रेड अलर्ट', आणि बिंदू चौकात चहा पिणारा माणूस वर बघतो, नुसती भुरभुर, म्हणतो, "कुठाय रे तुमचा अलर्ट?" आणि तिकडं गगनबावडा, राधानगरीत धो धो चालू असतं, ते पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतनं पंचगंगेला येतं, आणि शहरात ऊन पडलेलं असताना नदी चढत असते.

माझी आत्या कोल्हापुरात, नदीजवळच्या शुक्रवार पेठेत राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये मी डेस्कवरनं तिला फोन केला, म्हटलं आत्या, रेड अलर्ट आहे, आवर. तर म्हणाली, "अलर्ट राहू दे, राजाराम किती फूट ते सांग. आणि राधानगरीची किती दारं उघडली?" राजाराम म्हणजे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, तिथं ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे तिला पाढ्यासारखं पाठ. राधानगरीची सात दारं स्वयंचलित, धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेका दारातनं १४२८ क्युसेक पाणी सुटतं. मी आकडा सांगितला तशी तिनं तांदळाचे डबे माळ्यावर चढवायला घेतले, आणि जवळच्या जामदार क्लबपाशी पाणी आलं म्हटल्यावर सिलिंडर वर गेला. त्या वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर.

त्या रात्री मी पहिल्या पानावर काय मथळा दिला असेल? 'कोल्हापूर अलर्ट मोडवर'. आणि फुटांचा आकडा? पाचव्या पानावर, तळाला, चौकटीत. आत्यानं पुढं कितीतरी दिवस ऐकवलं, "तुझ्या पेपरात पाणी शोधायला चष्मा लागतोय बघ."

हा शब्द मुळात इटालियन लष्करातला, 'आल एर्ता', म्हणजे उंचावर, पहाऱ्याच्या जागी. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. म्हणजे मुळात तो रंगही नव्हता आणि मोडही नव्हता, वर चढा असा सरळ हुकूम होता, आणि तो शब्द ज्या आत्याला नको होता तिनंच तो पाळला, माळ्यावर डबे चढवून.

इथं, कोल्हापूरपासून लांब बसून आपल्याला मात्र फोनवर लाल पट्टी तेवढी दिसते, आपण घाबरून वेळीअवेळी घरी फोन लावतो आणि ते तिकडं निवांत भजी खात बसलेले. आपल्या ग्रुपवर गेल्या पावसाळ्यात रेड अलर्टची कार्डं फिरत होती, बहुतेकांवर तारीखच नव्हती, एक तर आदल्या वर्षीचं निघालं. तेव्हा यंदा कुणी पाठवलंत तर खाली एवढं टाका, राजाराम किती फूट, किती वाजता, आणि पाणी चढतंय का उतरतंय.