तबकडीवर काय होतं, पडद्यावर काय उरलं

(काळ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी. दोन्हींत एकाच चित्रपटातली एकच फ्रेम: कंदिलाच्या उजेडात एका म्हाताऱ्याचा चेहरा.)

हा चेहरा एकाच लेझरडिस्कवरून, म्हणजे चित्रपटाच्या जुन्या मोठ्या तबकडीवरून, दोन हौशी माणसांनी आपापल्या परीने उतरवून घेतला आहे. डावीकडचं चित्र नितळ आहे. उजवीकडे सगळ्या चित्रभर बारीक खरखर आहे, भिंतीवरसुद्धा. अशा थांबलेल्या चित्रावर कौल मागितला, तर बहुतेक जण डाव्या चौकटीला मत देतील.

आता चित्र चालू करू.

(म्हातारा मान वळवतो. मग तोच तुकडा पुन्हा, सावकाश.)

डावीकडे मान वळली आणि गालामागून एक पुसट सावली ओढली गेली. कपाळावरच्या सुरकुत्या मान हलताना विरघळल्या, मान थांबली तशा परत उमटल्या. उजवीकडे खरखर आहे, पण तिच्याखाली प्रत्येक सुरकुती जागच्या जागी आहे.

डावीकडच्या माणसाने नॉइज, म्हणजे ही खरखर, काढणारा फिल्टर लावला आहे. हा फिल्टर मागच्यापुढच्या फ्रेम एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी काढतो. काही हलत नाही तोवर ते छान जमतं. हललं की आधीचा चेहरा आताच्या चेहऱ्यात मिसळतो. उजवीकडची खरखर उद्या, परवा, दहा वर्षांनी अधिक चांगल्या फिल्टरने कमी करता येईल. डावीकडच्या सुरकुत्या त्या फाइलमधून कायमच्या गेल्या.

लेझरडिस्कवरून उतरवलेल्या चित्रपटाचा दर्जा ठरवताना मी प्रत्येक दोषाला हाच प्रश्न विचारतो: हा नंतर दुरुस्त होईल का? उत्तर ‘हो’ असेल तर मी फारसा अडून बसत नाही.

(चंदेरी तबकडी फिरते. पृष्ठभागावर इंद्रधनुषी झळाळी.)

३० सेंटिमीटर व्यासाची ही तबकडी अमेरिकेत डिसेंबर १९७८ मध्ये बाजारात आली. दिसायला सीडीची थोरली बहीण. पण तिच्यावरचं चित्र डिजिटल नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथेच सुरू होते. ॲल्युमिनियमच्या थरावरचे खळगे आणि त्यांच्यामधली अंतरं एक अखंड ॲनालॉग लहर सांगतात. अमेरिका आणि जपानमधल्या एनटीएससी या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर काळ्याच्या आसपासचा भाग सुमारे ८.१ मेगाहर्ट्झवर असतो, लख्ख पांढरा ९.३ वर. या पट्ट्यातल्या चढउतारातून पूर्ण चित्र उभं राहतं. व्हीएचएस कॅसेटवर आडवा तपशील साधारण २४० रेषांचा मिळायचा, लेझरडिस्कवर ४०० च्या पुढे. त्या काळात घरात याहून चांगलं चित्र मिळवणं फार कठीण होतं.

मग आज, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे येऊन गेल्यावर, लोक ही तबकडी का शोधतात? कारण काही चित्रपटांचं एखादं रूप नंतर नीटपणे बाहेर आलंच नाही. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे ‘स्टार वॉर्स’. १९७७ चा हा चित्रपट १९९७ मध्ये बदल करून पुन्हा प्रदर्शित झाला, आणि पुढच्या आवृत्त्या त्या बदललेल्या रूपावरच बेतल्या गेल्या. मूळ रूप १९९३ च्या लेझरडिस्क संचावर होतं. २००६ मध्ये ते डीव्हीडीवर जोड म्हणून दिलं गेलं, तेसुद्धा १९९३ च्याच जुन्या मास्टरवरून, म्हणजे ज्या मूळ व्हिडिओवरून प्रती काढतात त्यावरून. चित्रपटाचे हक्क मालकांकडे असतात आणि कायद्याचा प्रश्न राहतोच. पण जे चित्र लोकांनी थिएटरात पाहिलं ते हातातून निसटू नये ही धडपड मला मनापासून समजते.

त्या १९९३ च्या मास्टरवर नॉइज कमी करण्याची प्रक्रिया आधीच झालेली होती, त्यामुळे हालचालीमागे चित्र फासल्यासारखं दिसतं. असा फराटा दिसला की उतरवणाऱ्याला दोष देण्याची घाई होते. त्याआधी त्याच डिस्कचं दुसऱ्या कुणी उतरवलेलं चित्र शेजारी लावून बघावं. फराटा दोन्हींकडे असेल तर तो तबकडीवरच आहे. एकाचकडे असेल तर त्या एकाला विचारा. चित्रपटाची मूळ प्रिंट, तिच्यावरून झालेलं टेलिसिने (फिल्मचं व्हिडिओत रूपांतर), डिस्क, प्लेअर, चित्र संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड, नंतरचे फिल्टर, शेवटचं कॉम्प्रेशन या सगळ्या हातांतून चित्र आपल्यापर्यंत येतं. डाग कुणाच्या हाताचा हे कळल्याशिवाय निकाल देण्यात अर्थ नाही.

(बारीक पट्ट्यांचा कोट घातलेला माणूस. कोटावर हिरवे-जांभळे पट्टे लहरतात.)

या कोटाकडे नीट बघा. कोट करड्या पट्ट्यांचा आहे. मग हे इंद्रधनुष्य कुठून आलं?

लेझरडिस्कवर उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती एकाच सिग्नलमध्ये मिसळलेली असते. तिला कंपोझिट म्हणतात. रंग ३.५८ मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर स्वार असतो. पण कोटाच्या बारीक पट्ट्यासुद्धा नेमक्या त्याच गतीने काळं-पांढरं, काळं-पांढरं करत असतात. वेगळं करणाऱ्या सर्किटला ते रंगासारखे वाटतात आणि ते त्यांना रंगवून टाकतं. उलटंही होतं: भडक लाल अक्षराच्या कडेचा रंग उजेड समजला जातो आणि कडेवरून ठिपक्यांची मुंग्यांसारखी रांग चालू लागते.

ही फारकत करणाऱ्याला कॉम्ब फिल्टर म्हणतात. त्यामागची युक्ती मला फार आवडते. एनटीएससीमध्ये रंगाची लहर प्रत्येक ओळीला उलटी होते. शेजारच्या दोन ओळींची बेरीज केली की रंग कटतो आणि उजेड उरतो. वजाबाकी केली की उजेड कटतो, रंग उरतो. अट एकच, दोन्ही ओळींत चित्र सारखं हवं. जिथे वरची ओळ निळ्या आभाळाची आणि खालची लाल छपराची, तिथे गणित चुकतं. याच्या पुढची पायरी म्हणजे त्रिमितीय कॉम्ब फिल्टर. तो शेजारच्या ओळीऐवजी आधीच्या फ्रेममधली तीच ओळ घेतो, कारण लहर फ्रेमगणिकही उलटते. स्थिर चित्रात ही फारकत जवळपास निर्दोष होते. कॅमेरा हलला की फिल्टरला पुन्हा शेजारच्या ओळींवर यावं लागतं, आणि तो ते किती हुशारीने करतो यावर त्याची किंमत ठरते.

म्हणून ‘एस-व्हिडिओने (उजेड आणि रंग वेगवेगळे नेणाऱ्या तारेने) कॅप्चर केलंय’ एवढं ऐकून मी हुरळून जात नाही. व्हीएचएसचा अनुभव असलेल्यांना एस-व्हिडिओ म्हणजे हमखास चांगलं असं वाटतं. पण लेझरडिस्कवर चित्र मुळातच मिसळलेलं आहे. एस-व्हिडिओची तार लावली याचा अर्थ फारकतीचं काम प्लेअरमधल्या कॉम्ब फिल्टरने केलं, एवढाच. तो फिल्टर साधा असेल आणि कॅप्चरच्या बाजूचा उत्तम असेल, तर पिवळ्या कंपोझिट तारेतून आलेलं चित्र सरस निघतं.

कोटावरचं इंद्रधनुष्य पूर्ण पुसणं नंतर फार अवघड जातं. याउलट रंग जरासा उजवीकडे सरकलेला असेल, लाल ओठ ओठांबाहेर सांडलेले दिसत असतील, तर तो सरकवून जागेवर आणता येतो. दिसायला दुसरा दोष जास्त खटकतो, मोजायला पहिला मोठा आहे.

(रात्रीचं दृश्य. जंगलात उभा माणूस. अंगावर काळा कोट.)

काळ्या रंगाचा घोळ तर याहून सोपा आणि याहून घातक. अमेरिकी एनटीएससीत काळा शून्यावर नसतो, ७.५ आयआरई (व्हिडिओ सिग्नल मोजायचं एकक) या पातळीवर असतो. जपानी पद्धतीत काळा शून्यावर असतो. आता जपानी डिस्क अमेरिकी मापाने कॅप्चर केली, तर ७.५ च्या खाली जे काही होतं, कोटाच्या घड्या, झाडांची खोडं, ते सगळं एका सपाट काळ्यात बुडतं. चित्र ‘दमदार’ दिसतं, लोक कॉन्ट्रास्टचं कौतुक करतात. उलट चूक झाली, म्हणजे अमेरिकी डिस्क शून्याच्या मापाने घेतली, तर रात्र राखाडी आणि फिकट दिसते. ती मला चालते. एक पातळी खाली ओढली की रात्र परत रात्र होते. बुडालेली खोडं मात्र वर येत नाहीत.

(आगगाडी पडद्यावरून जाते. खिडक्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते.)

हे कंगव्यासारखे दाते बघून घाबरू नका. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. एनटीएससी व्हिडिओ सेकंदाला जवळपास ६० फील्डचा, म्हणजे अर्ध्या अर्ध्या चित्रांचा. मेळ घालायला एका फ्रेमची दोन फील्ड, पुढचीची तीन, मग पुन्हा दोन असं केलं जातं. त्यामुळे दर पाच व्हिडिओ फ्रेमपैकी दोन फ्रेम दोन वेगवेगळ्या क्षणांची सरमिसळ असतात. ही साखळी उलट दिशेने उलगडली की मूळ २४ फ्रेम जशाच्या तशा हाती येतात. दाते शिल्लक असलेली फाइल म्हणजे अजून न सोडवलेलं कोडं. पण कुणी दाते लपवण्यासाठी दोन फील्ड एकमेकांत विरघळवली, तर प्रत्येक खिडकी दोनदा दिसते आणि ती दुहेरी खिडकी परत एक होणं जवळपास अशक्य.

कडा अवाजवी धारदार केलेल्या असतील तर माणसांभोवती पांढरी किनार उमटते. अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी ठोकळे दिसले तर कॉम्प्रेशन आवळलं आहे. हे ओळखायला फार सराव लागत नाही.

आकड्यांचा मोह मात्र टाळावा. एनटीएससीत दिसणाऱ्या ओळी ४८०. त्यात उंचीच्या २.३५ पट रुंद चित्रपट वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून बसवला की प्रत्यक्ष चित्राला उरतात साधारण २७२ ओळी. तो फुगवून १०८० ओळींचा केला तरी तबकडीवर होत्या तेवढ्याच ओळी खऱ्या. आजकाल यंत्रशिक्षणाने मोठं केलेल्या चित्रांत पापण्या आणि विटांचे सांधे स्पष्ट दिसतात. ते सुंदर असतील, पण तबकडीवर नव्हते. मी त्यांना या तबकडीची प्रत म्हणणार नाही.

(उघडलेला प्लेअर. आतल्या सर्किटच्या एका बिंदूला बारीक तार जोडलेली.)

काही जणांनी एक पाऊल मागे जाऊन प्रश्नच सोडवला. प्लेअरने सिग्नलचं चित्र करण्याआधीच त्याला मधल्या मध्ये पकडायचं. ‘डोम्सडे डुप्लिकेटर’ नावाचं खुलं हार्डवेअर लेझरकडून आलेली कच्ची लहर सेकंदाला ४ कोटी वेळा मोजतं, प्रत्येक मोजमाप १० बिटचं. तासाभराच्या एका बाजूची ही माहिती पिळून बसवली नाही तर सुमारे १८० गिगाबाइट होते. नाव आलं बीबीसीच्या १९८६ च्या डोम्सडे प्रकल्पावरून. तोही लेझरडिस्कवरच होता. पुढे ‘एलडी-डीकोड’ हे सॉफ्टवेअर त्या लहरीतून चित्र काढतं. कॉम्ब फिल्टरही आता सॉफ्टवेअरमध्ये. तो उद्या सुधारला तर तबकडीला हात न लावता चित्र पुन्हा काढता येतं.

(एकाच फ्रेमच्या तीन प्रती. प्रत्येकीवर वेगळ्या जागी पांढरे ठिपके.)

याचा सगळ्यात मोठा फायदा इथे दिसतो. तबकडीच्या दोन बाजू गोंदाने चिकटवलेल्या असतात. काही तबकड्यांत आतलं ॲल्युमिनियम गंजतं आणि चित्रावर ठिपक्यांचा पाऊस पडू लागतो. त्याला लेझर रॉट म्हणतात. पण एकाच मास्टरवरून निघालेल्या तीन तबकड्या घेतल्या तर गंज तिघींना वेगवेगळ्या जागी लागलेला असतो. चित्राच्या वरच्या, टीव्हीवर न दिसणाऱ्या ओळींत फ्रेमचा क्रमांक किंवा वेळ लिहिलेली असते. तिच्या आधाराने तिन्ही प्रती फ्रेमला फ्रेम लावून एकावर एक ठेवायच्या. तीनपैकी दोघी जे सांगतात ते खरं मानायचं.

(तिन्ही फ्रेम एक होतात. ठिपके जातात. म्हाताऱ्याच्या कपाळावर ग्रेन तसाच.)

ठिपके गेले, सुरकुत्या राहिल्या. फिल्मचा ग्रेन, म्हणजे तिचा मूळचा बारीक कणदारपणा, तोही राहिला, कारण तो तिन्ही तबकड्यांवर सारखाच आहे. खरखर मात्र प्रत्येकीची निराळी, म्हणून तीही मंदावली. सुरुवातीच्या त्या दोन चौकटींत डावीकडच्याला जे हवं होतं ते इथे मिळालं, आणि कुठल्याही फ्रेमला शेजारच्या फ्रेमचं काही उधार घ्यावं लागलं नाही.

शेवटी मी नेहमी एक जागा तपासतो. दीर्घ वेळ देणाऱ्या डिस्कच्या एका बाजूवर तासभर चित्र मावतं, म्हणजे मोठ्या चित्रपटात तबकडी मध्येच उलटावी लागते. त्या सांध्यावर कधी कधी दोन-चार फ्रेम डिस्कवरच नसतात.

(म्हाताऱ्याचा हात कडीवर. कट. दार बोटभर उघडलेलं.)

पहिली बाजू इथे संपली, दुसरी इथे सुरू झाली. काही जण इथे एखादी फ्रेम गोठवतात, काही जण हळूच अंधार करतात, म्हणजे सांधा कळू नये. या प्रतीत कडीवरचा हात आहे आणि लगेच उघडलेलं दार. मधलं तबकडीवर नव्हतं, म्हणून इथेही नाही.

(दार उघडत राहतं. चित्रपट पुढे चालू.)