वॉर्डातले तास वहीत उतरवा

मैत्रिणींनो, स्तनपान सल्लागार व्हायचं म्हटलं की पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा येतो, म्हणून ते आधी सांगून टाकते. 1985 पासून याची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा होते. पास झालात की 'आयबीसीएलसी' ही पात्रता मिळते, ती दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते. नर्स किंवा डॉक्टर असाल, तर परीक्षेआधीच्या पाच वर्षांत स्तनपानाच्या प्रत्यक्ष कामाचे 1000 तास आणि 95 तासांचं शिक्षण लागतं. आकडा ऐकून दचकू नका. खानापूरला किंवा चिकोडीला बाळंतिणींच्या वॉर्डात असलेली सिस्टर यातले किती तरी तास रोजच्या कामात भरत असते. ते कुठे लिहिलेले नसतात, एवढंच.

तेव्हा वही घाला. आईचं नाव नको. बाळ कितव्या दिवसाचं, वजन, चोवीस तासांत किती वेळा पाजलं, लंगोट किती ओले झाले, तुम्ही काय बदललंत आणि दोन दिवसांनी काय झालं. हा शेवटचा रकाना बहुतेक जणी कोरा सोडतात, आणि शिकायला तर त्यातूनच मिळतं!

लिहायचं तर आधी बघायला हवं. 'दूधच येत नाही' असं बाई म्हणाली की आपण दारातूनच सल्ला देतो. तसं करू नका. खुर्ची ओढा आणि एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. तोंड पुरतं उघडलंय का, हनुवटी छातीला टेकलीय का, गिळल्याचा आवाज येतोय का? पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच असतो, बाळाला तेवढा पुरतो. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, तर दूध पोचतंय. वजन सुरुवातीला घटतं, पण दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. तिथे आपली हद्द संपते.

खाटेजवळ आजी असतेच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांवर वाद घालू नका, खाऊ द्या. अडायचं ते मधाच्या बोटाला आणि गुटीला. आणि आजीशी तिच्या भाषेत बोला. अथणी-रायबागकडची आजी कन्नडमध्ये ऐकेल, आपल्या मराठीवर नुसती मान डोलावेल. कामापुरतं कन्नड हेही आपलं शिक्षणच आहे, 95 तासांत धरत नसले तरी.

आपल्याकडे बाळंतपण बेळगावात होतं आणि बाई चंदगडला किंवा गडहिंग्लजला माहेरी जाते. छाती दाटून दगडासारखी होते ती नेमकी तिकडे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तेव्हा डिस्चार्जच्या वेळीच हातानं दूध काढायला शिकवा आणि फोनचा दिवस ठरवा. निपाणीकडे विडी वळणाऱ्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा कुठली? त्यांनाही दूध काढून ठेवणं शिकवावं लागतं. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं. बेळगावच्या गारव्यात हा हिशेब बसतो, अथणीच्या एप्रिलमध्ये नाही.

आता पैसे. कोर्सची फी कुणी भरतो म्हणालं, तर तो कोण ते आधी विचारा. 1992 चा शिशुदुग्धपर्यायांचा कायदा 2003 मध्ये कडक झाला. डब्याचं दूध बनवणाऱ्या कंपनीला आपल्याला नमुने, भेटवस्तू तर देता येत नाहीतच, पण परिषदेचा किंवा शिक्षणाचा खर्चही करता येत नाही. जेवणाचं आमंत्रणसुद्धा नको, असं माझं मत.

आणि तुमची फी? सरकारी ड्यूटीवर प्रश्नच नाही. पण खासगीत घरी जात असाल तर मागा, लाजू नका. लाडवांच्या सुक्यामेव्याला हजारो रुपये मोजणारं घर आपल्याला म्हणतं, 'सल्लाच तर दिलात!' म्हणून रक्कम फोनवरच सांगायची आणि मग घरातून निघायचं.