गजांआडची गोळी

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, बोलण्याचा बाज ठेवून संपादित)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

सांगलीत तुरुंगाबद्दल बोलायचं म्हटलं की आधी वसंतदादा आठवतात. २४ जुलै १९४३. तुरुंग फोडला, तटावरून खंदकात उडी, खांद्यात गोळी. ही गोष्ट तुम्ही आजोबांच्या मांडीवर ऐकलेली आहे, मी पुन्हा सांगत नाही. मी आज दुसऱ्या गोळीबद्दल बोलायला आले आहे. ही गोळी लागत नाही, घ्यावी लागते. रोज, ठरल्या वेळी, जन्मभर.

हात वर करा बघू, रक्तदाबाची गोळी कुणाकुणाला चालू आहे? बापरे, पुढची रांग तर सगळीच! आता सांगा, लग्नाला परगावी गेलात आणि गोळ्या घरी राहिल्या, तर काय करता? स्टँडवर उतरल्या उतरल्या मेडिकल शोधता. आणि घरून फोन येतो तो वेगळाच. एचआयव्हीची गोळी अशी स्टँडवर मिळत नाही. ती एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या सरकारी केंद्रातून, हिरव्या पुस्तकावर, म्हणजे पेशंटच्या उपचाराच्या वहीवर, नोंद करून मिळते. आणि आत असलेल्या माणसाला तर स्टँडही नाही.

मी बरीच वर्षं अशाच एका केंद्रात समुपदेशक होते. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढे सांगणार आहे ती चूक आमची सगळ्यांची होती. त्या माणसाचंही नाव सांगणार नाही.

मिरज तालुक्यातला, तिशीतला, ट्रकवर क्लीनर. गोळ्या वेळेवर घ्यायचा, तारीख कधी चुकवली नाही. तेव्हाची गोळी रात्री झोपताना घ्यायची असायची, कारण तिनं गरगरायचं, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. महिन्याच्या ३० गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी मिळते. ती डबी खिशात वाजते, म्हणून हा आत कापसाचा बोळा घालायचा. आणि डबीवरचं लेबल ब्लेडनं खरवडून काढायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ट्रकवर ड्रायव्हर शिकलेला आहे, वाचतोय."

एका महिन्यात तो आलाच नाही. आम्ही घरी फोन लावला. आई म्हणाली, मुंबईला गेलाय कामाला. पुन्हा फोन, पुन्हा मुंबई. मग रजिस्टरात त्याच्या नावापुढे शेरा पडला, 'संपर्काबाहेर'. तो शेरा माझ्या हातचा आहे.

दीड महिन्यानं ओपीडीसमोरच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये एक माणूस बसलेला दिसला. हाताला बेडी, अंगावर चादर, खोकतोय. मी ओळखलं नाही. त्यानं मला ओळखलं. गार्दीतला, म्हणजे त्या दोन पोलिसांतला, एक जण पाणी प्यायला उठला तेव्हा हळूच म्हणाला, "मॅडम, माझी डबी तुमच्याकडं आहे का?"

भांडणाच्या गुन्ह्यात आत गेला होता. दारात झडती झाली, डबी निघाली. लेबल नाही. कसल्या गोळ्या, कुणाला माहीत? अनोळखी गोळ्या आत सोडायच्या नाहीत, हा नियम बरोबरच आहे. मी त्या शिपायाला कधीच दोष दिला नाही. याला विचारलं तेव्हा हा म्हणाला, "पित्ताच्या आहेत." आजूबाजूला सात-आठ जण उभे होते. तो दुसरं काय सांगणार होता? त्याच लोकांबरोबर त्याला रात्री बरॅकमध्ये शेजारी पथारी टाकायची होती. आई मुंबई म्हणत राहिली, कारण मुलगा तुरुंगात आहे हे तिला सांगवत नव्हतं. एक लाज लपवायला दुसरी लाज. मध्ये गोळी बंद झाली, आठवड्यांत विषाणू उसळला, आणि टीबीनं गाठलं.

मला आजही झोंबतं ते वेगळंच. तुरुंगात गिनती होते. सकाळी उघडताना माणसं मोजतात, संध्याकाळी बंद करताना पुन्हा मोजतात. म्हणजे सरकारच्या एका रजिस्टरात हा माणूस रोज मोजला जात होता आणि सरकारच्याच दुसऱ्या रजिस्टरात तो हरवलेला होता. दोन रजिस्टरांमध्ये रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर.

या लाजेला आपण हसू नये. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणानं रक्तदान केलं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि पोलिसांनी उचलून त्याला ६४ दिवस कोंडून ठेवलं. गुन्हा काही नाही. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात तशी तरतूदच होती. आपली पिढी त्या काळात वाढली. भीती अशी एका परिपत्रकानं जात नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. 'तुरुंगातली आरोग्यसेवा कशी असावी' असा विषय छापला आहे आणि मी अजून दारातच आहे. भरभर सांगते.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. सरकारच्या ताब्यातल्या माणसाला तपासणी, समुपदेशन आणि उपचारांचा हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय, आणि त्यात कच्चे कैदीही आले. संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडायचं नाही. देशातल्या पाहण्यांत तुरुंगातलं एचआयव्हीचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास येतं, बाहेर प्रौढांमध्ये ते ०.२ च्या घरात आहे. औषधही सोपं झालंय. आता डोल्युटेग्राव्हिरची एकत्रित गोळी, दिवसातून एकदा, गरगरणं जवळपास नाही. गोळ्या चुकल्या नाहीत तर रक्तात विषाणू सापडेनासा होतो आणि मग लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही.

म्हणजे औषध आहे, हक्क आहे. गळती दारात होते, आत जाताना आणि बाहेर येताना. आत येणाऱ्याची वैद्यकीय तपासणी होतेच, ती पडद्याआड व्हावी आणि "कुठली रोजची गोळी चालू आहे का" एवढंच विचारावं. रोग विचारू नका, गोळी विचारा. साखरेवालाही सांगेल, हाही सांगेल. गोळ्या वाटताना सगळ्यांच्या एकाच खिडकीतून द्या, 'एआरटीवाले पुढे या' अशी हाक नको. तारखेला सोबतीला पोलीस गार्द मिळत नाही म्हणून दवाखाना चुकतो, तर रक्ताचा नमुना आत येऊन घ्या. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, टीबी ओळखायचे हे चार प्रश्न प्रत्येक खेपेला. इथून कळंब्याला, कोल्हापूरच्या तुरुंगात, हलवलं तर हिरवं पुस्तक माणसाबरोबर त्याच गाडीत जाऊ दे.

आणि सुटका. आपल्या तुरुंगांतले चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, त्यांच्या सुटकेची तारीख कुणालाच माहीत नसते. जामिनाचा कागद संध्याकाळी पोचतो, माणूस अंधारात बाहेर पडतो आणि गोळ्या दवाखान्याच्या कुलपात राहतात. दारावरच्या पिशवीत त्याचं पाकीट, पट्टा, मोबाईल परत मिळतो. त्याच पिशवीत महिन्याच्या गोळ्या आणि जवळच्या केंद्राच्या नावाचं पत्र आधीच भरून ठेवायचं. याला वेगळा निधी लागत नाही.

आमचा तो माणूस टीबीतून बरा झाला, दुसऱ्या तारखेला जामिनावर सुटला. त्या दिवशी त्याच्या वकिलानं आम्हाला दुपारीच फोन केला होता, म्हणून मी डबी घेऊन दारावर उभी राहू शकले. लेबल मीच काढून दिलं आणि आत चिठ्ठी घातली, दारात कुणी विचारलंच तर हा कागद दाखव म्हणून.

सभागृहात वकील मंडळी दिसताहेत. त्या पत्राचा मसुदा माझ्या पिशवीत आहे, वीस प्रती आहेत. संपल्यावर मी डावीकडच्या दाराशी थांबते.