संघ शहर सोडणार का? भाडेकरार काढून वाचा

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत एखाद्या शहराचा फुटबॉल संघ दुसरीकडे जाणार अशी कुणकुण लागली, की चाहत्यांमधले वाद बहुतेक गर्दीवरून रंगतात. गेल्या हंगामात खुर्च्या रिकाम्या होत्या, मग मालकाला दोष कशाला, असं एक म्हणतो. संघ सारखा हरतो तर खुर्च्या भरतील कशा, असं दुसरा विचारतो. तिसरा दुसऱ्या शहराची लोकसंख्या सांगतो. आज बोलायचं आहे ते लांबट चेंडू हातात घेऊन पळायच्या, फेकायच्या फुटबॉलबद्दल, म्हणजे एनएफएल या ३२ संघांच्या लीगबद्दल. संघ राहणार की जाणार हे तिथे गर्दीवर फार कमी ठरतं. ते ठरतं स्टेडियमच्या भाडेकरारावर, आणि स्टेडियममधून मालकाच्या हाती किती पैसा उरतो त्यावर. चाहत्यांनी वाद जरूर घालावा, पण तो कागद समोर ठेवून.

आधी पैशांचं पाहू. टीव्ही प्रक्षेपणाचा राष्ट्रीय पैसा सगळ्या संघांना सारखा वाटला जातो. २०२१मध्ये झालेले करार ११ वर्षांसाठी साधारण ११ हजार कोटी डॉलरचे होते. यात ग्रीन बेसारख्या छोट्या शहराचा संघ आणि न्यूयॉर्कचा संघ यांना सारखाच वाटा मिळतो. तिकिटांच्या पैशातलाही काही भाग पाहुण्या संघांकडे जातो. पण श्रीमंत पाहुण्यांसाठीचे लक्झरी बॉक्स, स्टेडियमला कंपनीचं नाव देण्याचे हक्क, पार्किंग, खाण्यापिण्याचे ठेके यांतला बराचसा पैसा वाटला जात नाही, तो घरच्या मालकाकडे राहतो. म्हणून जुन्या स्टेडियममधली पूर्ण गर्दी मालकाला पुरत नाही, आणि नव्या स्टेडियमचे बॉक्स त्याला मोहात पाडतात.

क्लीव्हलँडला हे फार वाईट रीतीने कळलं. ब्राउन्स संघाचे चाहते निष्ठेला कधीच कमी पडले नव्हते. मालक आर्ट मोडेल यांनी शहराचं १९३१ सालचं प्रचंड स्टेडियम स्वतःच चालवायला घेतलं होतं आणि तिथे खेळणारा बेसबॉलचा संघ त्यांचा भाडेकरू होता. १९९४मध्ये हा बेसबॉल संघ आपल्या नव्या मैदानावर गेला, आणि त्याच्याबरोबर भाडं व बॉक्सचं उत्पन्नही गेलं. तिकडे बाल्टिमोरमध्ये मेरीलँड राज्य लॉटरीच्या पैशातून नवं स्टेडियम बांधून ते बिनभाड्याने द्यायला तयार होतं. ६ नोव्हेंबर १९९५ला मोडेल यांनी संघ हलवण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवायला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. उपयोग झाला नाही.

तरीही क्लीव्हलँडच्या हाती एक हुकमाचं पान उरलं होतं, ते म्हणजे भाडेकरार. त्याची मुदत १९९८च्या हंगामापर्यंत होती. शहराने कोर्टाकडे नुसती नुकसानभरपाई मागितली नाही. करार संपेपर्यंत संघाने इथेच खेळावं असा हुकूम मागितला. हा फरक चाहत्यांनी नीट लक्षात घ्यावा. करारात फक्त ‘सोडून गेल्यास इतका दंड’ असं असेल, तर तो दंड नव्या शहराच्या देकारातून सहज भरता येतो. ‘घरचे सगळे सामने इथेच खेळायचे, आणि हे मोडल्यास कोर्टाला मनाई हुकूम देता येईल’ असं असेल, तर मालकाला तडजोडीला बसावंच लागतं. १९९६च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. खेळाडू आणि कर्मचारी बाल्टिमोरला गेले, तर नाव, रंग आणि सगळे विक्रम क्लीव्हलँडकडे राहिले. १९९९मध्ये नवा ब्राउन्स संघ मैदानात उतरला.

आता सेंट लुईस. भाडेकरारातलं एकच कलम शहराला किती महागात पडतं, हे तिथे पाहावं. १९९५मध्ये रॅम्स संघाला लॉस एंजेलिस परिसरातून आणताना शहराने ३० वर्षांचा करार केला आणि त्यात लिहून दिलं, की ठरावीक टप्प्यांवर हे स्टेडियम लीगमधल्या पहिल्या २५ टक्क्यांत बसलं पाहिजे. न बसल्यास भाडेकरार दरवर्षी नूतनीकरणाचा होईल, म्हणजे संघ मोकळा. पहिल्या टप्प्याला तडजोड झाली. दुसरा टप्पा २०१५चा होता. शहराच्या बाजूने साधारण १२.४ कोटी डॉलरच्या सुधारणा सुचवल्या गेल्या, तर संघाची योजना सुमारे ७० कोटींची होती. २०१३मध्ये लवादाने संघाची योजना उचलून धरली आणि एवढा खर्च करायला स्टेडियमच्या प्रशासनाने नकार दिला. बाहेर पडायचं दार तिथेच उघडलं. २०१४च्या जानेवारीत मालक स्टॅन क्रोंके यांनी लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये ६० एकर जमीन घेतल्याची बातमी आली, तेव्हा चाहते खडबडून जागे झाले. खरं तर धोक्याची घंटा कलमावर सही झाली त्याच दिवशी वाजली होती. ३० वर्षांत इतर शहरांत नवी स्टेडियमं उभी राहणारच. आपलं स्टेडियम कायम वरच्या आठांत ठेवण्याचं वचन कोणतंही शहर पाळू शकत नाही.

अशी कलमं इतरत्रही आहेत. सिनसिनाटीच्या बेंगल्स संघाच्या १९९७च्या करारात काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारने, भविष्यात कोणकोणती उपकरणं पुरवायची याची यादी होती आणि तिच्यात होलोग्राफिक रिप्लेसुद्धा होता! तेव्हा आपल्या शहराच्या करारात दोन गोष्टी शोधा: ‘इतर स्टेडियमांच्या तोडीचं’ अशा अर्थाची अट, आणि बाहेर पडण्याची तारीख. करार नेहमीच्या वाटेने सार्वजनिक संस्थेशी झालेला असेल, तर माहिती अधिकाराच्या राज्य कायद्याखाली तो मागता येतो. मूळ करारावर थांबू नका, नंतरच्या दुरुस्त्याही मागा. खरी सवलत बहुधा दुरुस्तीतच दिलेली असते.

चाहते हमखास विचारतात, की शहर मालकाकडून नीट भाडं का घेत नाही? यामागे १९८६चा करकायदा आहे. शहरं स्टेडियमसाठी रोखे काढतात आणि त्यांच्या व्याजावर केंद्रीय कर लागू नये असं त्यांना हवं असतं. स्टेडियमचा वापर तर खासगी संघच करतो. अशा वेळी करमाफी टिकवायची, तर कर्जफेडीतला जास्तीत जास्त १० टक्के भागच संघाकडून आलेल्या पैशातून करता येतो. हेतू होता सरकारी स्वस्त कर्ज खासगी स्टेडियमांना मिळू नये हा, घडलं उलटंच. भाडं नाममात्र ठेवून कर्ज लोकांच्या करांतून फेडायची पद्धत पडली. सेंट लुईसमध्ये राज्य वर्षाला १.२ कोटी डॉलर आणि शहर व काउंटी प्रत्येकी ६० लाख डॉलर भरत होते. रॅम्स २०१६मध्ये गेले, हप्ते मात्र त्यानंतरही काही वर्षं चालूच राहिले.

करार मोकळा झाला, तरी लीगचा दरवाजा उरतो. ३२पैकी २४ मालकांनी होकार द्यावा लागतो. लीगचं लेखी धोरण आहे: ज्या वर्षी जायचं त्या वर्षाच्या १५ फेब्रुवारीपर्यंत अर्ज, सध्याच्या शहरात जाहीर सूचना, आणि विचारात घ्यायच्या बाबींची यादी. चाहत्यांची निष्ठा, सरकारी मदत, स्टेडियमची स्थिती, मालकाने प्रामाणिक वाटाघाटी केल्या का, परिस्थिती बिघडवण्यात मालकाचाच हात आहे का. दुसरीकडे जास्त कमाई दिसते एवढ्यावरून संघाला जाण्याचा हक्क मिळत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. वाचायला हे सुंदर आहे. पण मत देणारे सगळे मालकच, आणि जाणाऱ्या संघाने भरलेलं स्थलांतर शुल्क इतर मालकांतच वाटलं जातं. रॅम्ससाठी हे शुल्क ५५ कोटी डॉलर होतं आणि १२ जानेवारी २०१६चं मतदान ३० विरुद्ध २ असं झालं. २०१७मध्ये ओकलंडच्या रेडर्स संघाला लास व्हेगसला जायची परवानगी मिळाली, तेव्हा विरोधात एकच मत पडलं. नेवाडाने हॉटेलांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर देऊ केले होते. त्यामुळे ‘लीग असं होऊ देणार नाही’ या आशेवर कुणी विसंबू नये.

मग ते धोरण निरुपयोगी आहे का? नाही. सेंट लुईसने २०१७मध्ये लीग, संघ आणि मालकांवर दावा लावला. हे धोरण म्हणजे शहरांच्या भल्यासाठी केलेला करार आहे आणि तो मोडला, असा मुद्दा होता. खटला उभा राहण्याआधी, नोव्हेंबर २०२१मध्ये, ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ओकलंडने असाच मुद्दा कॅलिफोर्नियाच्या कोर्टांत मांडला, तिथे तो टिकला नाही. सेंट लुईसच्या बाजूने जमलं याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांच्याकडे मालक आणि लीगचे अधिकारी वर्षानुवर्षं जाहीरपणे काय म्हणत होते याची नोंद होती. चाहते इथे खरोखर मदत करू शकतात. मुलाखती, पत्रकार परिषदा, सभांमधली विधानं तारखेनिशी जपून ठेवा. ऑक्टोबर २०१५मध्ये लीगने सेंट लुईस, सॅन डिएगो आणि ओकलंडमध्ये चाहत्यांच्या सुनावण्या घेतल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी बालपणीच्या आठवणी सांगितल्या. त्या भावना खऱ्या होत्या, पण अशा वेळी धोरणातल्या एकेका बाबीवर प्रश्न विचारले तर ते नोंदीत राहतात: वाटाघाटींच्या बैठका कधी झाल्या, शहराचा कोणता प्रस्ताव कोणत्या कारणाने नाकारला?

कायद्याचा धाक दाखवताना वेळेचं भान लागतं. १९८४च्या मार्चमध्ये कोल्ट्स संघ सक्तीने ताब्यात घेता यावा म्हणून मेरीलँडच्या विधिमंडळात विधेयकाची हालचाल सुरू झाली आणि मालकाने रातोरात ट्रक भरून संघ बाल्टिमोरहून इंडियानापोलिसला नेला. धमकी आधी आणि कायदा नंतर, असं केलं तर हेच होतं. ओहायोने शांत काळात, ब्राउन्स गेल्यानंतर, कायदा केला: सरकारी पैशाचा आधार घेतलेल्या संघाला जायचं असेल तर सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि तेवढ्या काळात स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यायची. तो कायदा कामी आला तो पायाने खेळायच्या फुटबॉलसाठी! कोलंबस क्रू हा संघ टेक्सासमधल्या ऑस्टिनला न्यायचा बेत २०१७मध्ये बाहेर आला. मालकाने संघ विकत घेतला तेव्हाच ऑस्टिनला जाण्याची सूट मिळवून ठेवली होती, हेही तेव्हा उघड झालं. २०१८मध्ये राज्य आणि शहर कोर्टात गेले, चाहत्यांनी हंगामी तिकिटांची वचनं गोळा केली, आणि स्थानिक खरेदीदार पुढे आले. संघ राहिला, २०२०मध्ये त्याने विजेतेपद मिळवलं आणि २०२१मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेला. इथे कायद्याने फक्त वेळ मिळवून दिला. संघ वाचला तो खरेदीदारामुळे. म्हणून चाहत्यांच्या मोहिमेचं पहिलं काम फलक रंगवणं हे नसून संघ घेऊ शकेल असा माणूस शोधणं आहे.

म्हातारे मालक असतील तिथे बफेलोचा दाखला उपयोगी पडतो. बिल्स संघाच्या २०१३च्या करारात संघ हलवल्यास ४० कोटी डॉलरचा दंड होता आणि फक्त सातव्या वर्षानंतर एकदाच सुमारे २.८ कोटी भरून सुटायची खिडकी होती. २०१४मध्ये मालक राल्फ विल्सन वारले. संघ टोरांटोला जाईल अशी भीती होती, पण नव्या खरेदीदाराला ती खिडकी उघडेपर्यंत कुठेच जाता येणार नव्हतं. पेगुला कुटुंबाने १४० कोटी डॉलरला संघ घेतला आणि तो बफेलोतच राहिला.

खिशातून पैसे घालणाऱ्यांसाठी एक सूचना. काही स्टेडियमांत खुर्चीचं तिकीट घेण्याचा हक्क आधी वेगळा विकला जातो, त्याला पर्सनल सीट लायसन्स म्हणतात. सेंट लुईसमध्ये हे लायसन्स २५० ते ४,५०० डॉलरना विकलं गेलं होतं, आणि संघ गेल्यावर लोकांना पैशांसाठी खटले लढावे लागले. संघ मुदतीआधी गेला तर उरलेल्या वर्षांचे पैसे परत मिळतील का, हे त्यात लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

आणि नाव, रंग, इतिहास यांचं कलम विसरू नका. ह्यूस्टनचा ऑयलर्स संघ १९९७मध्ये टेनेसीला गेला, पुढे टायटन्स झाला, आणि ऑयलर्सचा वारसा त्याच्याचकडे राहिला. २०२३च्या डिसेंबरात ह्यूस्टनच्या आजच्या संघाविरुद्ध टायटन्स ऑयलर्सचा जुना गणवेश घालून उतरले, तेव्हा ह्यूस्टनचे लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं योग्यच होतं. क्लीव्हलँडला जे मिळालं ते ह्यूस्टनला मिळालं नाही. हे कलम मागायची वेळ म्हणजे करार वाढवायचा किंवा स्टेडियमसाठी सरकारी पैसा मंजूर व्हायचा असतो ती. तेव्हा मालकाला शहराकडून काहीतरी हवं असतं, आणि हे कलम देताना त्याच्या खिशातून त्या दिवशी एक डॉलरही जात नाही.