सायकल हवेत धरायची तर: घरच्या वर्कशॉपसाठी स्टँडची निवड

[दृश्य: सोसायटीचं पार्किंग. गिअरची सायकल उलटी ठेवलेली, सीट आणि हँडल शहाबादी फरशीवर टेकलेलं.]

सायकल उलटी करायची, सीट आणि हँडल जमिनीला टेकवायचं आणि कामाला लागायचं. पुण्यातल्या कुठल्याही पार्किंगमध्ये रविवारी सकाळी हे दिसतं. पंक्चर काढण्यापुरतं ते चालतं. साध्या, बिनगिअरच्या सायकलचं त्यात फारसं काही बिघडतही नाही.

गिअरच्या सायकलचं तसं नाही. गिअर बदलायचे शिफ्टर फरशीवर घासतात, सीटच्या कडा फाटतात, केबलना नको तिथे मोड पडतो. ऑइलचे डिस्क ब्रेक असतील तर आणखी एक भानगड होते. ब्रेकच्या लिव्हरपाशी ऑइलची छोटी टाकी असते. तिच्यात थोडी हवा राहिलेली असेल, तर सरळ उभ्या सायकलमध्ये ती वरच्या वर राहते आणि त्रास देत नाही. सायकल उलटी झाली की टाकी खाली जाते, कॅलिपर (चाकापाशी डिस्क दाबून धरणारा भाग) वर येतो आणि हवेचा बुडबुडा पाइपातून वर सरकतो. नंतर लिव्हर पोकळ लागते, दाबली की हँडलपर्यंत येते. सिंहगडाचा घाट असल्या ब्रेकवर उतरायचा नसतो. असं झालंच, तर सायकल सरळ उभी करून लिव्हर हळूहळू बऱ्याच वेळा दाबा. बहुतेकदा हवा परत टाकीत येते. नाही आली तर ब्रेक ब्लीड करण्याला, म्हणजे ऑइलमधली हवा बाहेर काढण्याला, पर्याय नाही.

म्हणून स्टँड हवा. पण कुठला?

[दृश्य: क्लॅम्पच्या डोक्याचा क्लोजअप. जबडा, लिव्हर, फिरणारा सांधा.]

जाहिरातीत आधी दिसतो तो आकडा: ‘तीस किलो वजन पेलतो.’ खांब तेवढं वजन पेलतोच. लोखंडी पाइप उभ्याने दाबून मोडत नाही. स्टँड हरतो तो दोन ठिकाणी: डोक्याच्या सांध्यात आणि पायांत.

आधी डोकं, म्हणजे सायकल चिमटून धरणारा क्लॅम्प. सायकल सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) धरून उचलली, की तिचा गुरुत्वमध्य क्लॅम्पच्या बरोबर खाली येत नाही. तो पुढे, हँडलच्या बाजूला, साधारण २५ सेंटिमीटरवर असतो. म्हणजे सायकल सतत नाक खाली करायला बघते. १२ किलोच्या सायकलचा हा पीळ सुमारे ३० न्यूटन-मीटर भरतो, आणि २० किलोच्या सायकलचा जवळजवळ ५०. पायडल क्रँकमध्ये, म्हणजे पायडलच्या दांडीत, घट्ट बसवायला साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर लागतात, त्यावरून अंदाज घ्या. एवढा पीळ तो छोटासा सांधा तुम्ही काम करत असता तो सगळा वेळ सोसत असतो. स्वस्त स्टँडमध्ये दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर दाबून हा सांधा केलेला असतो. चकत्या लहान असतील, तर गिअर लावता लावता पुढचं चाक हळूहळू खाली येऊ लागतं. तुम्ही नॉब आणखी आवळता, नॉबच्या प्लास्टिकमधले आटे झिजतात, आणि स्टँड कायमचा सैल होतो.

त्यामुळे सांध्यात दाते असलेला क्लॅम्प पाहा. दातेवाला सांधा टप्प्याटप्प्याने फिरतो, अगदी हव्या त्या कोनात थांबत नाही, पण घसरत नाही. चकत्यांचाच घ्यायचा असेल, तर चकती मोठी हवी आणि नॉबच्या आत धातूचा नट हवा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: मागचं चाक काढलं की सायकलचं मागचं वजन जातं आणि नाक आणखी जड होतं. सांधा घसरतो तो नेमका अशा वेळी. पुढचं चाक काढल्यावर हा पीळ उलट कमी होतो.

[दृश्य: तीन पायांचा स्टँड, वरून. कॅमेरा फिरत पायांच्या मांडणीवर येतो.]

आता पाय. क्लॅम्पचा हात खांबापासून बाजूला निघालेला असतो, म्हणजे सायकलचं सगळं वजन खांबाच्या एकाच अंगाला येतं. तीन पायांच्या स्टँडचा एक पाय बरोबर त्या हाताखाली असला पाहिजे. सायकल दोन पायांच्या मधल्या फटीवर लोंबत असेल, तर पाना थोडा जोराने ओढताच स्टँड कलतो. दोन लांब पाय पुढे पसरणारे स्टँडही मिळतात. सपाट फरशीवर ते उत्तम उभे राहतात आणि घडी चपटी होते, फ्लॅटमधल्या कपाटामागे मावतात. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला ही चपटी घडी फार उपयोगाची.

पण फरशी सपाट आहे का, ते आधी बघा. गच्चीला आणि ड्राय बाल्कनीला पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो. स्टँड तिथे लावायचा, तर क्लॅम्पचा हात चढाच्या बाजूला वळवा, उताराकडे नको. व्हिट्रिफाइड टाइल्सवर तेलाचा एक थेंब पडला तरी पाय सरकतात. पायांची टोपणं रबराऐवजी कडक प्लास्टिकची निघाली, तर खाली जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. शहाबादीवर हा प्रश्न कमी, कारण ती खरखरीत असते. पण तिचे सांधे खालीवर असतात आणि तीनांतला एखादा पाय खड्ड्यात उतरतो.

ड्राय बाल्कनीचं सरळच सांगायचं तर तिथे स्टँडवर काम जमत नाही. सायकल पावणेसहा फुटांच्या आसपास लांब, आणि पाना फिरवायला दोन्ही अंगांना निदान दोन-दोन फूट मोकळे हवेत. हॉलमधलं सेंटर टेबल एका बाजूला सरकवलं, तर त्या जागेत काम व्यवस्थित होतं.

[दृश्य: भिंतीला बसवलेला क्लॅम्प. हातोडीने भिंतीवर ठोकून आवाज ऐकणारा हात.]

भिंतीवरचा स्टँड सगळ्यात पक्का असतो, पण भिंत कुठली हे महत्त्वाचं. आरसीसी कॉलममध्ये दहा मिलिमीटरचे चार अँकर फास्टनर (भोकात पसरून घट्ट धरणारे बोल्ट) बसले, की विषय संपला. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र एएसी काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीत साधा अँकर धरत नाही. पसरताना तो ब्लॉकचाच भुगा करतो. चार इंची विटेच्या पार्टिशनचीही तीच गत, आणि जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीचा तर विचारच नको. गच्चीवर स्टँड कायमचा रोवावा असं वाटलं, तरी कोब्यात ड्रिल मारू नका. वॉटरप्रूफिंग फुटतं आणि जूनमध्ये खालच्या घराच्या छताला ओल येते.

भिंतीपासून अंतरही मोजायला हवं. एमटीबीचं (माउंटन बाइकचं) हँडल ७४ ते ७८ सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे सायकलच्या मध्यापासून एका बाजूला जवळपास ३९ सेंटिमीटर. क्लॅम्पचा जबडा भिंतीपासून किमान ४५ सेंटिमीटर पुढे हवा, नाहीतर हँडल भिंतीवर आपटेल. रोड बाइकचं हँडल अरुंद, तिला याहून कमीत भागतं.

[दृश्य: जबड्यात धरलेला सीटपोस्ट. बाजूला व्हर्नियर.]

धरायचं ते सीटपोस्टला. फ्रेमच्या आडव्या दांड्याला नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चांगल्या फ्रेमचे पाइप टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, जबडा नेमका पातळ जागी बसतो आणि पोचा पाडतो. कार्बनला तर पोचाही पडत नाही, थेट चीर जाते. सीटपोस्ट सहसा २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर जाडीचा असतो, स्वस्त सायकलींना २५.४ चाही येतो. हे सगळे माप बहुतेक जबड्यांत बसतात. अडचण येते ती चपट्या एअरो सीटपोस्टची. त्यासाठी जबड्याला वेगळा रबरी साचा लागतो, तो त्या स्टँडला मिळतो का ते खरेदीआधी विचारा. ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खालीवर करता येणारा) असेल, तर तो पूर्ण वर आणा, सीट-क्लॅम्प सैल करून बाहेरची जाड नळी थोडी वर ओढा आणि त्या नळीलाच धरा. आतल्या चकचकीत नळीवर जबडा लावला, तर ओरखडा उठतो आणि सील खराब होतं. नळी ओढताना फ्रेममधून येणारी केबल मागून सैल सोडायला विसरू नका.

सीट वर घेण्याआधी पोस्टवर टेपची एक पट्टी चिकटवा, म्हणजे उंची परत तीच लावता येते. आणि पोस्टवरच्या कमाल उंचीच्या खुणेपलीकडे तो ओढू नका.

जुन्या दांड्याच्या सायकली अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांना धरताना अडथळा येतो तो कॅरिअरचा. सीटचा पाइप आखूड, आणि कॅरिअरचे फाटे त्याला लागून. जाडजूड जबडा त्या फटीत शिरत नाही. मुलांच्या १६ आणि २० इंची सायकलींचंही असंच. अशा सायकली घरात असतील, तर अरुंद जबड्याचा क्लॅम्प निवडा.

जड ई-सायकल असेल, तर बॅटरी आधी काढून ठेवा, दोन-तीन किलो कमी होतात. शिवाय स्टँड किती वर जातो यापेक्षा किती खाली येतो ते पाहा. क्लॅम्प मीटरभर उंचीपर्यंत खाली आला, तर चाकं जमिनीवर असतानाच जबडा आवळता येतो आणि मग दोघांनी मिळून वर घेता येतं. साध्या सायकलसाठी वरची मर्यादा मोजा: क्लॅम्प दीड मीटरपर्यंत गेला, की गिअर कोपराच्या जरा खाली येतात आणि पाठ वाकत नाही. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात हॉवर्ड हॉकिन्स आणि आर्ट एंगस्ट्रॉम या दोन दुकानदारांनी १९६३ मध्ये स्वतःसाठी स्टँड बनवला, तो वाकून काम करण्याला कंटाळूनच. त्यातूनच सायकलची अवजारं बनवणारी पार्क टूल कंपनी उभी राहिली.

[दृश्य: पुढचं चाक काढलेली रोड बाइक, फोर्क स्टँडच्या टोकात अडकवलेला.]

दुसरा प्रकार रेसिंग टीमच्या मेकॅनिककडे दिसतो. यात सायकल चिमटायची नाही. एक चाक काढायचं, फोर्क (पुढचं चाक धरणारा फाटा) किंवा मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो त्या खाचा) अडकवायचे आणि क्रँकखालचा भाग एका खोबणीत टेकवायचा. कार्बन फ्रेमसाठी यापेक्षा सुरक्षित काही नाही. थ्रू-अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा आस) असेल, तर त्याचं मिलिमीटरमधलं माप, पुढे १५ बाय १०० की १५ बाय ११०, मागे १२ बाय १४२ की १२ बाय १४८, हे बघून त्याचे अ‍ॅडॉप्टर मागा. मात्र बऱ्याच गिअरच्या सायकलींमध्ये केबल क्रँकच्या खालून उघड्या जातात. खोबणीत त्या दाबल्या जातात. तुम्ही स्टँडवर गिअर अचूक लावता, आणि खाली उतरवल्यावर ते पुन्हा चुकतात. अशा सायकलला हा स्टँड घेऊ नका.

आणि फक्त गिअर लावणं, चेन धुणं, मागच्या चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढणं एवढंच करायचं असेल, तर मागचं चाक उचलून धरणारा छोटा स्टँड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. त्यावर चाक काढता येत नाही. पण तळजाई टेकडीच्या चिखलातून आल्यावर जे काम करायचं असतं, त्यातलं बरंचसं त्यावर होतं. रोज ऑफिसला सायकल नेणाऱ्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: बोहरी आळीतलं हार्डवेअरचं दुकान, जीआय पाइपांची रास.]

स्वतः बनवायचा असेल, तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत सामान मिळतं: दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, पाइप प्लेटला जोडायची फ्लँज, नटबोल्ट. तळाला ६० बाय ६० सेंटिमीटरची, ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट घ्या. तिचं वजन १४ किलोच्या जरा वर भरतं. खांब प्लेटच्या मध्ये लावू नका, मागच्या कडेजवळ लावा, म्हणजे सायकल प्लेटच्या मध्यावर येते. वरखाली सरकणारा खांब करायच्या फंदात पडू नका. दीड इंची मध्यम पाइपाचा आतला व्यास सुमारे ४१.९ मिलिमीटर, आणि सव्वा इंचीचा बाहेरचा ४२.४, म्हणजे तो आत जातच नाही. एक इंची पाइप जातो, पण आठ मिलिमीटर सैल राहतो. त्यापेक्षा आपली उंची मोजून खांब एकदाच कापून घ्या. क्लॅम्पचं डोकं मात्र तयारच विकत घ्या. वेल्डरकडून करून घेतलेला जबडा क्वचितच समांतर बंद होतो, आणि तिरका जबडा पोस्टवर वळ उठवतो.

[दृश्य: दुकानात स्वतःची सायकल स्टँडवर चढवून पाहणारा ग्राहक.]

दुकानात जाताना आपली सायकल घेऊन जा. एका हाताने ती तोलून धरा आणि दुसऱ्या हाताने जबडा बंद करून पाहा. त्याला दोन हात लागत असतील, तर घरी एकट्याने सायकल चढवता येणार नाही. चढवल्यावर पुढच्या टायरवर हलका दाब द्या. नाक खाली आलं, तर तो स्टँड सोडा. मग मागचं चाक काढायला सांगा आणि पुन्हा दाबून बघा.

घरी चढवताना चेनची बाजू आपल्याकडे ठेवा, खांब पलीकडे. पुढचं चाक फ्रेमच्या दांड्याला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा, नाहीतर हँडल गरकन फिरतं आणि फ्रेमला लागतं. घट्ट बसलेलं पायडल किंवा बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतो ती बेअरिंग) स्टँडवर सोडवू नका. तिथे लागणारा जोर सगळा क्लॅम्पवर जातो. सायकल जमिनीवर उभी करून ते सैल करा, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. बाकीचं काम मग वर घ्या.

जबड्याच्या रबरात वाळूचे कण रुततात आणि पोस्ट खरवडतात. दर वेळी ओल्या कापडाने पुसा. तेलकट झालं तर साबणाचं पाणी वापरा, पेट्रोल नको, त्याने रबर फुगतं. खांबाची उंची आवळून धरणाऱ्या कॉलरमध्ये ग्रीस घालू नका, खांब घसरेल. पावसाळ्यात स्टँडवरच सायकल धुतली, तर नंतर पायांची टोपणं काढून स्टँड आडवा ठेवा, म्हणजे पाइपांत शिरलेलं पाणी निथळून जातं. तसं केलं नाही, तर लोखंडी पाय आतून गंजतात, आणि बाहेरचा रंग शाबूत असल्यामुळे ते वाकेपर्यंत कळत नाही.