ट्रंकेत राहिलेलं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पेटी आहे, त्यांना पट्टी म्हणजे काय ते सांगायला नको. कुणी पांढरी एकमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये. स्केल-चेंजर पेटी असली की बोटं नेहमीच्या जागीच ठेवायची, पट्टी तेवढी सरकवायची. आज ज्या अमेरिकन गीतकार-संगीतकाराविषयी बोलणार आहे, त्यांनी असाच एक खटक्याचा पियानो जवळ बाळगला होता. कारण त्यांना एकाच पट्टीत धड वाजवता यायचं. एफ शार्प, म्हणजे आपली काळी तीन. नोटेशन वाचता येत नव्हतं, लिहिताही येत नव्हतं. चाल सुचली की ते वाजवून, गुणगुणून दाखवत आणि शेजारी बसलेला मदतनीस उतरवून घेई. या माणसानं सुमारे १५०० गाणी केली. बहुतेक सगळ्यांचे शब्द त्यांचे आणि चालही त्यांचीच. नाव इर्विंग बर्लिन.

नोटेशन येत नाही म्हणून एखाद्याला कमी लेखणारी मंडळी आपल्याकडेही भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. भजनाला बसणाऱ्या कितीतरी माणसांनी आयुष्यात एक स्वर कागदावर लिहिलेला नसतो, पण त्यांची सम चुकत नाही.

तर बर्लिन. जन्म १८८८चा, रशियन साम्राज्यात, ज्यू कुटुंबात. मूळ नाव इझ्रायल बेलिन. पाच वर्षांचा असताना, १८९३ साली, कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थना गाणारे. मुलगा तेरा वर्षांचा असताना ते गेले. पोरगा घराबाहेर पडला, दारूच्या गुत्त्यांत गाऊन चार पैसे मिळवू लागला. पुढे एका कॅफेत वाढपी झाला, गाणारा वाढपी. १९०७ साली पहिलं गाणं छापलं गेलं, त्याचे त्याच्या वाट्याला चाळीस सेंटसुद्धा आले नाहीत. त्या गाण्यावर नाव पडलं ‘आय. बर्लिन’, आणि तेच कायमचं झालं. चारच वर्षांनी, १९११मध्ये, ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ आलं आणि जगभर वाजलं.

आता जी गोष्ट मला सांगायची आहे ती.

साल १९१८. पहिलं महायुद्ध चालू. बर्लिन तीस वर्षांचे, नामवंत, आणि सैन्यात भरती झालेले. लाँग आयलंडवर यापहँक गावाजवळ अप्टन नावाची छावणी होती, तिथे. हा रात्रभर जागून गाणी करणारा माणूस, आणि तिथे पहाटेचा बिगुल! त्या बिगुलाची चीड त्यांनी एका गमतीदार गाण्यात काढली, आणि सैनिकांनी ते गाणं डोक्यावर घेतलं. छावणीसाठी निधी हवा होता, म्हणून सैनिकांनाच घेऊन त्यांनी संगीत नाटक रचलं. शेवटच्या प्रवेशात शिपाई रांगेनं युद्धावर निघतात. त्या जागेसाठी त्यांनी एक गाणं लिहिलं, देशासाठी देवाकडे आशीर्वाद मागणारं. ‘गॉड ब्लेस अमेरिका’.

चाल उतरवून घेणाऱ्या हॅरी रूबीनं ऐकलं आणि म्हणाला, आणखी एक? तेव्हा गल्लोगल्ली देशभक्तीची गाणी निघत होती. बर्लिनना पटलं. जे शिपाई खरोखरच मरायला निघालेत, त्यांच्याच तोंडी हे घालणं जास्तच होतं. गाणं नाटकातून काढलं आणि ट्रंकेत टाकलं.

किती दिवस? दिवस नव्हे, श्रोतेहो, वीस वर्षं. वीस वर्षं ते गाणं ट्रंकेत होतं.

माझ्या आजीची ओव्यांची वही माळ्यावरून थेट रद्दीत गेली, दिवाळीच्या साफसफाईत. त्याचं दुःख मला अजून आहे. तुमच्याकडे अशी वही असेल तर कृपा करून जपून ठेवा.

१९३८. युरोपवर पुन्हा युद्धाचं सावट. केट स्मिथ या लोकप्रिय गायिकेला रेडिओवरच्या युद्धविराम दिनाच्या कार्यक्रमासाठी नवं गाणं हवं होतं. बर्लिन नवं काही लिहू पाहत होते, जमेना. तेव्हा ट्रंकेतलं आठवलं. काढलं, आणि त्यात दुरुस्त्या केल्या. जुन्या शब्दांत देशाला जमिनीवर आणि समुद्रावर विजयी कर, असं मागणं होतं. ते काढलं. त्यांना शांततेचं गाणं हवं होतं. विजयाच्या जागी डोंगर आले, गवताळ माळरानं आली, फेसाळता समुद्र आला. आणि एक शब्द बदलला. आधी होतं, अमेरिकेला ‘टु द राइट’ ने. १९१८ साली राइट म्हणजे नुसतं योग्य. १९३८पर्यंत त्या शब्दाला उजव्या राजकारणाचा वास लागला होता. म्हणून ‘थ्रू द नाइट’ केलं. रात्रीतून पार ने.

१० नोव्हेंबर १९३८ला केट स्मिथनं ते रेडिओवर गायलं. त्याच सुमारास जर्मनीत ज्यूंची दुकानं फुटत होती, सिनेगॉग जळत होते. इकडे एका निर्वासित ज्यू मुलाचं गाणं घराघरात ऐकू येत होतं. ‘गॉड ब्लेस अमेरिका’ हे शब्द मुळात बर्लिन यांच्या आईच्या तोंडचे, ती गरिबीतही मनापासून म्हणायची. आई मात्र १९२२ सालीच गेली होती.

या गाण्याची मिळकत त्यांनी स्वतः घेतली नाही, स्काउट मुलामुलींच्या संघटनांना देऊन टाकली.

पुढचं थोडक्यात सांगते. ‘व्हाइट ख्रिसमस’ हे नाताळचं गाणं त्यांचंच. स्वतःचं तान्हं बाळ मात्र १९२८च्या ख्रिसमसलाच गेलं होतं. १९८९मध्ये बर्लिन वारले, वय एकशे एक. त्यांचा एक खटक्याचा पियानो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हल्ली फोनवर गाणं लावलं की गायकाचं नाव दिसतं, गीतकाराचं शोधावं लागतं. आम्ही रेडिओवाले गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगत आलो, ती सवय मोडू नये असं मला फार वाटतं.

तर गीत आणि संगीत इर्विंग बर्लिन, आवाज केट स्मिथ. थोड्या वेळानं ‘नाइट’ हा शब्द येईल, तो कान देऊन ऐका. तिथे आधी ‘राइट’ होतं.