उणे तेहतीस म्हणजे नक्की किती?

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या विमानांत वैमानिकाने दांडा ओढला की तारा, कप्प्या आणि हायड्रॉलिक यंत्रणेतून तो जोर पंख-शेपटीपर्यंत पोचायचा. १९८८ साली प्रवासी सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० ने हा थेट संबंध जवळजवळ संपवला. वैमानिकाच्या हाताशी छोटी स्टिक असते. ती हलवली की संदेश कॉम्प्युटरकडे जातो, आणि पंखांवरच्या झडपा किती वळवायच्या ते कॉम्प्युटर ठरवतो.

असे सात कॉम्प्युटर या विमानात आहेत. त्यांतल्या मुख्य दोन प्रकारांचे प्रोसेसरही वेगळे आणि प्रोग्रॅम लिहिणारे गटही वेगळे. एकाच चुकीने सगळे एकदम आडवे होऊ नयेत म्हणून! इतका संशयी स्वभाव मला तरी इंजिनिअरिंगमधला मोठा गुण वाटतो.

मात्र माणूस आणि यंत्र यांच्यातल्या बोलण्यावर तेवढा संशय घेतला गेला नव्हता. विमान ऑटोपायलटवर, म्हणजे विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, खाली आणताना वैमानिक स्टिकऐवजी एक बटण फिरवून आकडा भरतो. त्याच बटणाने उतरणीचा कोन भरता येई आणि उतरण्याचा वेगही. कुठला अर्थ घ्यायचा, हे शेजारच्या दुसऱ्या बटणावर ठरे. बटणाजवळच्या आकडे दाखवणाऱ्या छोट्या खिडकीत ‘उणे ३.३’ दिसलं तर तो कोन, अंशांमध्ये. ‘उणे ३३’ दिसलं तर मिनिटाला ३,३०० फूट! मध्ये फरक काय, तर एका टिंबाचा.

२० जानेवारी १९९२ च्या रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला उतरणारं ए-३२० अपेक्षेच्या चौपट वेगाने खाली आलं आणि डोंगरावर आदळलं. ८७ जण गेले. चौकशीत छातीठोक निष्कर्ष निघाला नाही, पण या दोन अर्थांची गल्लत हे संभाव्य कारणांपैकी ठळक कारण मानलं गेलं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणाही त्या विमानात बसवलेली नव्हती. कॉम्प्युटरने मात्र भरलेला आकडा इमानेइतबारे पाळला असणार.

पुढे तो आकडा दाखवण्याची पद्धत बदलली, वेग पूर्ण चार आकडी दिसू लागला. आज वैमानिकासमोरच्या पडद्यावर, अगदी वरच्या पट्टीत, यंत्रणा कुठल्या मोडमध्ये आहे, म्हणजे भरलेला आकडा कोन धरते की वेग, ते लिहिलेलं असतं. तिथला शब्द बदलला की अनेक कंपन्यांचे वैमानिक तो मोठ्याने वाचतात आणि शेजारचा सहकारी तो पडताळून पाहतो. बटण आपणच दाबलेलं असलं, तरीही.